रूनचं भवितव्य आणि मी

जायफळाचं झाड नर आहे की मादी, हे लावल्यावर सहा-सात वर्षं कळत नाही. पहिली फुलं येईपर्यंत झाड ताकास तूर लागू देत नाही. हेदवीच्या आमच्या वाडीत पोफळींच्या सावलीत मी चार रोपं लावली, त्यांना शेणखत घातलं, भर उन्हाळ्यात विहिरीचं पाणी शेंदून घातलं, आणि त्यांतली दोन नर निघाली. उरलेल्या दोन माद्यांच्या जोरावर मी पंचक्रोशीत जायफळतज्ज्ञ झालो. ही पदवी कोणी दिली ते विचारू नका. देणारा आणि घेणारा एकाच घरात राहत होते. तालुक्याच्या शेतकरी मेळाव्यात ‘मसाला पिकांचं भवितव्य’ या विषयावर मी पाऊण तास बोललो. पंगत बसायला उशीर होत होता म्हणून माझं बोलणं संपल्यावर टाळ्या जरा जोरातच पडल्या. मी त्यांचा अर्थ वेगळा लावला आणि तेव्हापासून मला दुसऱ्यांची भवितव्यं दिसू लागली.

अशा अवस्थेत माझ्या वाचनात रून आलं. इंडोनेशियाच्या मालुकू प्रांतात बांदा नावाची मूठभर बेटं आहेत, त्यांच्या पश्चिम टोकाला हे बेट. लांबी तीन किलोमीटर, रुंदी किलोमीटरभरही नाही. एके काळी जगाला जायफळ मिळायचं ते फक्त या बांदा बेटांतून. त्यापायी युरोपातली माणसं अर्धी पृथ्वी ओलांडून इथे येऊन एकमेकांचे गळे कापत. 1616 च्या डिसेंबरात नॅथॅनिएल कोर्टहोप नावाचा इंग्रज मूठभर माणसं घेऊन रूनवर उतरला आणि डचांच्या नाकावर टिच्चून जवळजवळ चार वर्षं तिथे तग धरून राहिला. 1620 मध्ये तो मारला गेला. पुढे 31 जुलै 1667 रोजी ब्रेडाचा तह झाला. लोक सांगतात की त्या तहात डचांनी मॅनहॅटन दिलं आणि रून घेतलं. खरं म्हणजे ज्याने जे बळकावलं होतं ते त्याच्याकडे राहिलं. इंग्रज न्यू ॲमस्टरडॅममध्ये 1664 पासूनच ठाण मांडून होते आणि रून डचांच्या हातात होतं. पण ‘अदलाबदल’ म्हटलं की ऐकणारा खुर्चीत पुढे सरकतो, म्हणून मीही अदलाबदलच म्हणतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या कोकणाचा कॅलिफोर्निया होणार हे मी अर्ध्या चड्डीत असल्यापासून ऐकत आलोय. ते सांगणारे पुढारी गेले, त्यांची मुलं पुढारी झाली, तीही सांगू लागली. तेव्हा अमेरिकेशी नाव जोडलं गेलं आणि तरीही धक्क्यावर बोटीची वाट बघत बसलं, अशा गावाचं दुःख माझ्याइतकं कोणाला कळणार? शिवाय जायफळ. नियतीने माझी निवड केली होती, मी फक्त तिकीट काढायचं होतं.

मी अहवाल लिहिला. ‘रून : भवितव्याचा आराखडा’. भाच्याकडून त्याचं इंग्रजी करून घेतलं, गुहागरला पानन् पान लॅमिनेट करून स्पायरल बांधणी केली. त्यात ‘मॅनहॅटन पॉइंट’ नावाचा सेल्फीचा कट्टा होता, जायफळ महोत्सव होता, घरगुती निवासाची योजना होती, आणि एक आलेख होता. आलेख कशाचा ते मला आता आठवत नाही, पण तो वर जात होता.

बायकोने अहवाल उलटा-सुलटा करून पाहिला. “अहो, पण त्यांनी बोलावलंय का तुम्हाला?”

“तज्ज्ञाला बोलवावं लागत नाही.”

“मग तज्ज्ञाचं भाडं कोण देतंय?”

हा प्रश्न मी अनुत्तरित ठेवला.

मुहूर्त ठरलेला होता : 31 जुलै 2017. तहाला बरोबर साडेतीनशे वर्षं. त्या दिवशी रूनच्या भूमीवर उभं राहून गावकऱ्यांच्या हाती आराखडा द्यायचा, असा बेत. पालशेतच्या बंदरावरच्या एका खारवी दादाला मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तो जाळं विणत होता. हात न थांबवता म्हणाला, “काका, नारळी पुनव सात ऑगस्टला. तिच्या आधी कोण होडीत पाय ठेवतो?”

“तो नियम आपल्या अरबी समुद्राला. तिकडचा समुद्र वेगळा.”

“समुद्र वेगळा असंल,” तो म्हणाला, “पण वाऱ्याला ते कोणी सांगितलंय का?”

सांगितलेलं नव्हतं. बांदा समुद्रात जून ते ऑगस्ट पूर्वेचा वारा सुटतो आणि लाटा चढतात. शहाणी माणसं सप्टेंबर-ऑक्टोबरात नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये जातात. ही माहिती मला अंबोनच्या बंदरावर, तिकीट खिशात पडल्यावर मिळाली. अंबोनपासून बांदा सुमारे दोनशे किलोमीटर, मध्ये सगळं पाणी, आणि ते पाणी जगातल्या खोल समुद्रांपैकी एकाचं. जहाज मोठं होतं. कोंबड्या, तांदळाच्या गोण्या, एक मोटारसायकल, सुट्टीवर निघालेले विद्यार्थी आणि खोक्यांवर खोकी. प्रत्येकाने आपापली चटई अंथरली आणि संध्याकाळच्या आत सगळं जहाज निवांत आडवं झालं. मी मात्र कठड्याशी उभा राहून शेजारच्या पोराला खुणांनी सांगत होतो की मी कोकणातला आहे, समुद्र माझ्या रक्तात आहे. रात्री दहाच्या सुमारास रक्त सोडून बाकी सगळं बाहेर पडलं. त्या पोराने माझं डोकं धरलं. त्याच्या आजीने कपाळाला काहीतरी झणझणीत तेल चोळलं. त्याला वास जायफळाचा येत होता आणि मला पहिल्यांदाच जायफळाचा तिटकारा आला.

बांदा नायरा या मुख्य बेटावर उतरल्यावर समोर गुनुंग आपी हा ज्वालामुखी दिसतो. 1988 साली त्याने शेवटचा राग काढला; सध्या शांत आहे. मागे टेकाडावर 1611 सालचा पंचकोनी बेल्जिका किल्ला. आणि गल्लीत पांढऱ्या खांबांची ती घरं, जिथे मोहम्मद हत्ता आणि सुतान शहरीर यांना डचांनी 1936 पासून सहा वर्षं स्थानबद्ध ठेवलं होतं. एक पुढे देशाचा पहिला उपराष्ट्राध्यक्ष झाला, दुसरा पहिला पंतप्रधान. (याच शहरीरना 1947 मध्ये डचांचा वेढा चुकवून जावातून विमानाने बाहेर काढलं ते आपल्या ओडिशाच्या बिजू पटनाईकांनी. ही गोष्ट मी तिथे भेटेल त्याला सांगितली. सगळ्यांना ती आधीच माहीत होती.) हत्ता इथे आले ते सोळा पेट्या पुस्तकं घेऊन, आणि आल्यावर त्यांनी बेटावरच्या मुलांना शिकवायला घेतलं. मी माझी एकुलती स्पायरल बांधणी काखेत धरून त्या घराच्या ओसरीवर उभा राहिलो आणि, खरं सांगतो, मला स्वतःत आणि त्यांच्यात फार फरक दिसला नाही. जहाज लागल्याची ग्लानी अजून उतरली नव्हती.

मुक्कामाच्या घरमालकाने रूनला जाऊ नका म्हणून सांगितलं. होडीवाल्यानेही सांगितलं, पण पैसे घेतले. दोनेक तासांचा प्रवास. त्याचं वर्णन मी करणार नाही, कारण बहुतेक वेळ माझे डोळे मिटलेले होते आणि मी अथर्वशीर्ष म्हणत होतो. रूनच्या धक्क्याला होडी लागेना, तेव्हा मला कमरेएवढ्या पाण्यात उतरवण्यात आलं. एका हातात चपला आणि डोक्यावर अहवाल धरून मी त्या ऐतिहासिक भूमीवर पाऊल ठेवलं. स्वागताला एक बकरी आणि चार मुलं होती. मुलं हसून लोळत होती. बकरी गंभीर होती. लॅमिनेशनने मात्र काम चोख केलं. पाण्याचा एक थेंब आत गेला नाही.

गाव डोंगराच्या अंगाला चढत जातं. सिमेंटच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना रंगवलेली घरं, दाराशी सुपांतून आणि ताडपत्रीवर वाळत घातलेलं जायफळ आणि लालभडक जायपत्री. सगळ्या गल्लीला तोच वास. आणि घराघरापाशी पाण्याच्या टाक्या. बेटावर ना नदी ना झरा; छपरावर पडलेलं पावसाचं पाणी टाकीत साठवायचं आणि पुरवून पुरवून वापरायचं. कोर्टहोपच्या माणसांचेही हाल याच पाण्याने केले. त्यांचं एक जहाज डचांनी पकडलं, दुसऱ्यावरची माणसं फितूर झाली, आणि उरलेले पावसाकडे तोंड करून बसले. हा इतिहास मी ज्या इबूंच्या, म्हणजे तिकडच्या मावशींच्या, घरी उतरलो त्यांना सांगत असताना मी अंघोळीला दुसरी बादली मागितली. इबूंनी बादली दिली. पण त्या रात्री घरातल्या बाकी कोणी अंघोळ केली नाही हे मला उशिरा लक्षात आलं.

माझा दुभाषी म्हणजे शाळेतले गुरुजी, ‘पाक गुरू’. अंबोनचा तरुण मुलगा. नेमणुकीवर इथे आलेला आणि बदलीच्या अर्जाची वाट बघत असलेला. आमच्याकडे दुर्गम शाळेत पडलेल्या प्राथमिक शिक्षकाच्या चेहऱ्यावर असतो तोच भाव त्याच्या चेहऱ्यावर होता, त्यामुळे आमची लगेच गट्टी जमली. त्याने 31 तारखेच्या संध्याकाळी सरपंचांच्या ओसरीवर चार ज्येष्ठ मंडळी जमवली. त्यांत एक म्हातारे होते. त्यांना सगळे ओम म्हणत. तिकडे काकाला ओम म्हणतात. मी बोलायला उभा राहिलो. साडेतीनशे वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी तुमच्या पूर्वजांवर केवढा अन्याय झाला, तुमचं बेट गेलं आणि तिकडे मॅनहॅटन उभं राहिलं, या अन्यायाचं परिमार्जन आता पर्यटनाने होईल, असा माझा सूर होता. गळा थोडा भरून आला होता. पाक गुरूंनी ते सगळं दोन वाक्यांत सांगितलं.

ओम म्हणाले, “आमचे पूर्वज नव्हते ते.”

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या अहवालात कुठेच नव्हतं. 1621 मध्ये यान पीटरझोन कून हा डच गव्हर्नर-जनरल बांदावर आला. त्यालाही बांदाच्या भवितव्याची काळजी होती. पंधरा हजारांच्या आसपासची वस्ती त्याच्या स्वारीनंतर हजारावर आली, असा अंदाज आहे. चव्वेचाळीस प्रमुखांची मुंडकी उडवली. उरलेल्यांना गुलाम करून नेलं, काही होड्यांतून पळाले. मग जायफळाच्या बागा डच मळेवाल्यांना वाटून दिल्या आणि राबायला बाहेरून माणसं आणली. रूनवरची तर झाडंसुद्धा डचांनी तोडून टाकली, पुन्हा इंग्रजांच्या हाती जायला नकोत म्हणून. “ज्यांचं गेलं ते त्यांच्याबरोबर गेले,” ओम म्हणाले. “आमचे आजोबा पुष्कळ नंतर आले. बुटून बेटाहून. होडीने. काम शोधत.”

माझा भरून आलेला गळा तसाच राहिला, त्याचं काय करायचं ते कळेना. मी पाणी प्यायलो. तेही थोडंच.

सरपंच समंजस होते. माझी अडचण ओळखून त्यांनी खिशातून हजार रुपयांची कोरी नोट काढली. रुपया म्हणजे त्यांचा रुपिया. आपले जेमतेम पाच रुपये. नव्या नोटा नुकत्याच निघाल्या होत्या आणि या नोटेच्या मागच्या बाजूला बांदा नायराचं चित्र आहे. “बघा,” सरपंच म्हणाले, “सरकारला आमची आठवण आहे. सगळ्यात लहान नोटेवर.” ओसरी खदखदून हसली. मग ते म्हणाले, “आता कामाचं बोलू. तुमच्याकडे जायफळ खातात?”

इथे मी सावरलो. हा माझा प्रांत. मी पुरणपोळीपासून श्रीखंडापर्यंत, बासुंदीपासून बाळघुटीपर्यंत सांगत सुटलो. महाराष्ट्रात जायफळाशिवाय सण नाही, म्हटलं. पाक गुरूही रंगात येऊन भाषांतर करत होते. मंडळी पुढे सरकली. बारा कोटींचं राज्य, प्रत्येक घरात जायफळ! ओमनी डोळे बारीक करून विचारलं, “एका घराला वर्षाला किती किलो?”

आता खोटं बोलणं शक्य होतं. पण डोळ्यांसमोर आमच्या घरचा मसाल्याचा डबा आला. “एक,” मी म्हणालो.

“एक किलो?”

“एक नग.”

पाक गुरूंनी मला ते पुन्हा बोलायला लावलं. मी हाताने दाखवलं : किसणीवर चार फेरे मारायचे, आणि उरलेलं जायफळ पुन्हा डब्यात, पुढच्या सणापर्यंत. शिवाय वाण्याकडेही ते सुटं, नगावर मिळतं. ओसरीवर शांतता पसरली. ज्या फळासाठी साम्राज्यं झुंजली, त्याचं गिऱ्हाईक समोर बसलं होतं आणि ते वर्षाला चार फेरे मारत होतं. सरपंचांनी हलकेच मान हलवली. “म्हणजे पोरं अंबोनला शिकायला जातात ते बरोबरच आहे.”

मग त्यांनी मला नग केवढ्याला पडतो ते विचारलं. मी सांगितलं. ओमनी मोबाइल काढला, नग किलोत बदलले, आमचे रुपये त्यांच्या रुपियांत बदलले आणि आलेला आकडा सगळ्यांना दाखवला. त्यांना नायराचा व्यापारी देतो तो भाव आणि हेदवीचा वाणी घेतो तो भाव यांच्यामध्ये केवढा समुद्र पसरलाय हे त्या छोट्या पडद्यावर दिसत होतं. मधल्या हातांची नावं त्यांना पाठ होती : नायरा, अंबोन, सुराबाया, आणि पुढे. इंग्रजांनी नेपोलियनच्या काळात बांदा घेतलं तेव्हा रोपं उचलून पेनांग, श्रीलंकेकडे नेली, पुढे ती कॅरिबियनपर्यंत गेली. आज ग्रेनेडाच्या तर झेंड्यावर जायफळ आहे आणि आपल्या केरळातही ते पिकतं. तेव्हा भाव रूनमध्ये ठरत नाही, हे त्यांना माझ्या आलेखाशिवाय ठाऊक होतं. ट्यूना मासळीचंही त्यांनी सांगितलं. समुद्रात मासा आहे, गळ टाकणारे हात आहेत, पण बर्फ नायराहून आणावा लागतो. आणि वारा सुटला की बर्फही येत नाही आणि मासाही जात नाही. सेल्फीच्या कट्ट्याचा विषय मी काढला नाही.

दुसऱ्या दिवसापासून वारा असा सुटला की एकही होडी निघेना. मी अडकलो. कोर्टहोपला निदान तोफा तरी होत्या. मला शाकाहार होता. बेटावर भाजीपाला येतो तो होडीने, आणि होडी बंद. मासे न खाणारा माणूस गावात पहिल्यांदाच आला असावा. इबूंनी मला कसाव्याचा उकडलेला शंकू दिला, कासोआमी. बुटूनचे खलाशी हा दिवसेंदिवस टिकतो म्हणून बरोबर नेतात. तो का टिकतो ते पहिल्या घासाला कळलं. पण एका दुपारी त्यांनी कुठून तरी वांगं पैदा केलं आणि कनारीच्या बियांच्या दाट रश्शात घातलं. कनारी म्हणजे बदामाच्या चवीची बी. ते वांगं मी आयुष्यात विसरणार नाही. भरल्या वांग्याच्या बाबतीत माझ्या घरी हे वाक्य बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहितो.

करायला काही नव्हतं म्हणून ओम मला बागेत घेऊन गेले. बाग म्हणजे खरं तर रान. वर कनारीचे प्रचंड वृक्ष, त्यांच्या फळीसारख्या उभ्या मुळ्या माझ्या डोक्याच्या वर, आणि त्यांच्या सावलीत जायफळाची झाडं. हेदवीत मी सावलीला पोफळी लावल्या त्या आपल्याच डोक्याने, असं मला वाटत होतं. इथे ते शेकडो वर्षं चालू आहे. तोडायला ‘गाइ-गाइ’ नावाची लांब बांबूची काठी असते. टोकाला विणलेली लांबट टोपली, आणि टोपलीच्या तोंडाशी दोन दाते. फळ पिवळं होऊन मधोमध उकललं, आणि फटीतून जायपत्रीचा लाल धागा दिसला, की ते तयार. ओमच्या नातीने मान वर केली, काठी फांद्यांतून अलगद वर सरकवली, दाते देठाला लावले, किंचित हिसका दिला. फळ टोपलीत. आवाजसुद्धा नाही. चार-पाच फळं झाली की काठी खाली.

“तुम्ही करा,” ओम म्हणाले. “तुम्ही तज्ज्ञ आहात.”

मी काठी उचलली. काठीचं वरचं टोक आणि माझा हेतू यांचा काही संबंध राहिला नाही. मी हिसका दिला तो एका हिरव्याकंच फळाला. ते टोपलीत न पडता माझ्या चष्म्यावर पडलं. दुसरंही हिरवं. मुलं मोठ्याने मोजू लागली, सातू, दुआ, तिगा. चौथ्या वेळी काठी बेचक्यात अडकली आणि ती सोडवताना लाल मुंग्यांचं एक घरटं माझ्या सदऱ्यात उतरलं. त्यानंतर मी जो नाच केला त्याची गावात बराच वेळ नक्कल होत होती, हे मला पाक गुरूंनी अगदी मित्रत्वाने सांगितलं.

ओमनी हिरवी फळं निमूटपणे गोळा केली. कच्चं फळ म्हणजे गेलेला पैसा. “तुमच्याकडे कोण तोडतं?” त्यांनी विचारलं.

“तोडत नाही. खाली पडतं, बायको सकाळी वेचते.”

“ओल्या मातीवरून?”

“हो.”

“मग बुरशी धरते,” ओम म्हणाले. “ते विष. युरोपवाले तपासतात आणि असला माल परत पाठवतात.” मग त्यांनी एक वाळलेलं जायफळ माझ्या कानाशी हलवलं. कवचाच्या आत बी खुळखुळली. “असं वाजलं की वाळलं. धुरावर हळूहळू वाळवायचं. तुमचं वाजतं?” आमचं वाजतं की नाही हे मी कधी ऐकलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी ओसरीवर पुन्हा बैठक भरली. विषय होता हेदवी. मी सांगितलेला नव्हता, त्यांनीच काढला. झाडं किती? चार. नर किती? दोन. हे भाषांतर होण्याआधीच ओमनी बोटांवरून ओळखलं आणि कपाळाला हात लावला. दहा माद्यांना एक नर पुरतो. चार झाडांत दोन नर म्हणजे चैन. कलम का नाही आणलं? दापोलीचं कृषी विद्यापीठ माझ्या घरापासून काही तासांवर आहे, त्यांनी ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जायफळाच्या जाती काढल्यात. पण कलम आणायचं म्हणजे आपल्याला कळत नाही असं कोणापुढे तरी उभं राहून सांगायचं. हे मी पाक गुरूंना सांगितलं नाही. “मिळत नाहीत,” म्हणालो.

वाडीत काम कोण करतं? नेपाळचा गडी. गावातली पोरं? मुंबईला. आधीपासून? माझ्या आजोबांपासून, आमच्याकडची गावं मनीऑर्डरीवरच वाढली. आणि तुमचा मुलगा? मी जरा खाकरलो. “न्यू जर्सीत. त्याच्या खिडकीतून मॅनहॅटन दिसतं.”

पाक गुरूंनी हे सांगितल्यावर कोणी हसलं नाही. उलट सरपंच फार हळुवारपणे बोलू लागले, घरात अवघड दुखणं निघालेल्या माणसाशी बोलावं तसं. म्हणाले, आमच्याकडे निदान लहान मुलं आहेत. शाळा भरलेली असते. पोरं नायराला, अंबोनला जातात, काही तिकडेच राहतात. पण जायफळाच्या हंगामाला कोणीतरी येतंच. आमचा भाव वाईट आहे पण माल आमचा आहे. बर्फाचं आणि बोटीचं सरकारकडे लावून धरलंय. आणि तुमच्या गावाचं... ते थांबले. ओमनी वाक्य पुरं केलं, “एक नर तोडा. त्याने सुरुवात करा.”

मी वहीत लिहून घेतलं.

वारा पडला आणि होडी निघायची झाली तेव्हा माझा आराखडा ओसरीवर सापडेना. इबूंनी त्याचं स्पायरल सोडवलं होतं आणि लॅमिनेट केलेली पानं अंगणात ओळीने मांडली होती. प्रत्येक पानावर ताजी, ओलसर जायपत्री पसरलेली. ‘मॅनहॅटन पॉइंट’च्या रंगीत चित्रावर ती विशेष खुलून दिसत होती. पान गुळगुळीत, जायपत्री चिकटत नाही, मातीला लागत नाही, पाऊस आला तर चटकन उचलून आत नेता येते, असं इबूंनी मला समजावून सांगितलं आणि अजून काही पानं आहेत का ते विचारलं. आलेखाचं पान त्यांनी सगळ्यात उन्हाच्या जागी ठेवलं होतं.

हेदवीला परतल्यावर मी एक नर तोडला. बायको म्हणाली, दुसराही तोडा. मी म्हटलं, एक हवाच, तज्ज्ञांचं तसं मत आहे. आता खाली पडलेलं फळ आम्ही वेचत नाही. मी बांबूला टोपली बांधून गाइ-गाइ केलीय, ती नेपाळी गड्याला उत्तम जमते. पाक गुरूंची बदली झाली, पण त्यांच्या मोबाइलवरून ओमचे निरोप अजून येतात. होळीच्या आधी ते आमच्याकडचा भाव विचारतात, मी गुहागरच्या बाजारात जाऊन विचारून कळवतो. भाव ऐकून ते नुसते हसण्याचे चेहरे पाठवतात.

गेल्या वेळी निरोप वेगळा होता. ओमचा नातू अंबोनला इंजिनिअर होतोय. तुमच्या मुलाला सांगून त्याचं मॅनहॅटनमध्ये काही जमेल का? मी मुलाला फोन लावला. तो वैतागला. “बाबा, माझंच अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. ती रांग माझ्या हयातीत सरकेल की नाही, देव जाणे. मी त्याचं काय जमवू?”

हे सगळं मी ओमना सविस्तर कळवलं. रांग म्हणजे काय, व्हिसा म्हणजे काय, नोकरी सुटली तर काय होतं. दोन दिवसांनी उत्तर आलं : मग तुमच्या मुलालाच इकडे पाठवा, झाडं पुष्कळ आहेत. फक्त ऑक्टोबरात पाठवा, बापासारखं जुलैत नको.